न बसलेली काडतुसं

माशीमांनी त्यांच्या आजोबांची वही माझ्या हातात ठेवली ती गेल्या वर्षी लक्ष्मीपूजेच्या दुसऱ्या दिवशी. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर त्या राहतात, ऐंशी ओलांडलेल्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, नातवंडं तिथेच वाढली. ती आजीशी फोनवर मोडकंतोडकं बंगाली बोलतात, पण बंगाली अक्षर त्यांना ओळखता येत नाही. ‘‘तू दोन्ही घरची. मुलांना वाचता येईल असं करून दे,’’ एवढंच त्या म्हणाल्या. मी यादवपूरला तौलनिक साहित्य शिकायला म्हणून नाशिकहून कोलकात्याला आले आणि इथलीच झाले. वीस वर्षं बंगालीतून मराठीत भाषांतरं करते आहे. पण ज्याचा वाचक नावानिशी ठाऊक आहे, असं काम पहिल्यांदाच येत होतं.

वही चौसष्ट पानांची, साधु भाषेतली, १९५५ च्या आसपास लिहिलेली. पहिली चाळीस पानं गावचं तळं, बहिणीचं लग्न, मेसमधलं जेवण यांत जातात. मग १९१६ चा हिवाळा येतो. एकोणीस वर्षांचा हा मुलगा एका गुप्त मंडळात ओढला गेलेला, आणि त्याला एका दारोगाच्या घरावर पाठवलं जातं. या प्रसंगाची गोष्ट माशीमांकडून मी आधी अनेकदा ऐकली होती. त्यांच्या घरात ती देवाच्या गोष्टीसारखी सांगितली जाते. दार उघडलं, हातात कंदील घेतलेली दारोगाची लहान मुलगी समोर आली, आजोबांनी शालीत धरलेलं रिव्हॉल्व्हर तसंच ठेवलं आणि मागे फिरले. हात उठला नाही.

वहीत मात्र कंदिलाच्या आधी एक वाक्य आहे. तीन शब्दांचं. ‘टोटा बसिल ना.’

टोटा म्हणजे काडतूस. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं, ‘गोळ्या भरता आल्या नाहीत.’ दुसऱ्या दिवशी वाचताना ते खुपलं. ‘भरता आल्या नाहीत’ म्हटलं की हाताची थरथर आली, घाई आली, मनाचा कच्चेपणा आला. मूळ वाक्यात हात कुठेच नाही. तिथे जे काही बिनसलं ते काडतुसाचं बिनसलं. त्याच्या वरच्या दोन ओळींत त्यांनी हत्यार आणि गोळ्याही सांगितल्या आहेत : कमरेत मोडून उघडणारं जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर आणि रुमालात बांधलेली आठ ‘माउजारची’ काडतुसं. या दोन वस्तू एकमेकींत बसतात की नाही, हे कळल्याशिवाय मला ते वाक्य मराठीत नीट बसवता येणार नव्हतं.

एन.सी.सी.तली छऱ्यासारखी हलकी रायफल सोडली तर मी बंदूक कधी हातात घेतलेली नाही. डलहौसीच्या बाजूला बंदुकांची काही जुनी दुकानं अजून तग धरून आहेत. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला हे प्रकरण पेन्सिल, ड्रॉइंग पिन आणि किल्ल्यांच्या कडीवर समजावलं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, पेन्सिलीच्या टोकाला खोचलेल्या ड्रॉइंग पिनेसारखी. चक्रातल्या भोकात काडतूस सोडलं की ते कडेवर अडकून राहतं आणि रिकामं झाल्यावर त्याच कडेखाली रेटा देऊन ते बाहेर काढता येतं. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाची काडतुसं मुठीतल्या खोबणीत किंवा चापापुढच्या पेटीत एकावर एक रचलेली असतात. तिथे बाहेर आलेल्या कडा एकमेकींत अडकतात. म्हणून त्या काडतुसाला कड नसते, बुडाशी नुसती एक खाच असते. आता ड्रॉइंग पिन काढून पेन्सिल कडीतून सोडा. सरळ खाली.

आकडेही तेच सांगतात. माउजरच्या काडतुसाचं बूड जेमतेम १० मिलिमीटर जाड. वेब्लीच्या ४५५ बोअरच्या चक्रातली भोकं १२ मिलिमीटरच्या आसपास. त्या मुलाने गल्लीच्या अंधारात रिव्हॉल्व्हर मोडून काडतुसं आत सोडली असतील आणि ती चक्रातून घसरून खाली त्याच्या पायांशी पडली असतील. न बसणं म्हणजे अगदी शब्दशः न बसणं.

पण वेब्ली देऊन सोबत माउजरची काडतुसं कुणी का द्यावीत? याचं उत्तर कोलकात्याच्या इतिहासात आहे, आणि ते माझ्या घरापासून मेट्रोने काही स्टेशनांवर आहे. २६ ऑगस्ट १९१४ या दिवशी रोडा कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र याने कस्टम कचेरीतून शस्त्रांच्या २०२ पेट्या सोडवल्या. व्हॅन्सिटार्ट रोवरच्या कंपनीच्या गोदामात त्यांतल्या १९२ च पोचल्या. उरलेल्या आणतो म्हणून तो गेला तो परत आला नाही. त्या दहा पेट्या बैलगाडीतून बहूबाजारच्या मलंगा लेनकडे गेल्या. त्यांत ५० माउजर पिस्तुलं होती आणि ४६,००० काडतुसं. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात हा हिशेब आहे : ४४ पिस्तुलं जवळजवळ लगेच नऊ गटांत वाटली गेली, पुढच्या ५४ गुन्ह्यांत वापरली गेली आणि अहवाल लिहीपर्यंत त्यांतली ३१ पोलिसांनी परत मिळवली होती. (याच अहवालाचा पहिला भाग मुंबई इलाख्यावर आहे, पुण्याच्या चापेकरांपासून सुरू होणारा. मराठी आणि बंगाली माणूस एका पुठ्ठ्यात बांधला गेला तो असा, सरकारी खर्चाने.)

५० पिस्तुलांना ४६,००० म्हणजे एकेका पिस्तुलामागे ९२० काडतुसं. पिस्तूल पकडलं जातं, काडतुसं मागे राहतात. कुणाच्या तांदळाच्या डब्यात, कुणाच्या कौलांखाली. दुसऱ्या बाजूला १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय काहीच बाळगता येत नसे, त्यामुळे मंडळांकडे रिव्हॉल्व्हरं यायची ती एकेक करून, जुनी, चोरलेली, ज्या त्या बोअरची, आणि त्यांच्या मापाची काडतुसं सहसा चार-सहा. एकीकडे घराबाहेर पडलेल्या गोळ्या, दुसरीकडे उपाशी बंदुका. कुणीतरी घाईत, किंवा अडाणीपणाने, किंवा ‘गोळी ती गोळी’ असं म्हणून ती आठ काडतुसं रुमालात बांधली असणार. मला तिसरी शक्यता सगळ्यात खरी वाटते.

मी नाशिकची, त्यामुळे दुसरी एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात, ‘शारदा’ नाटकाच्या रात्री, अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तो अठरा-एकोणीस वर्षांचा. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुलं धाडली होती, पेटीच्या चोरकप्प्यातून, त्यांच्या काडतुसांसह. हत्यार आणि गोळी एका पेटीतून आली, एकाच मापाची. कान्हेरेला १९ एप्रिल १९१० ला ठाण्यात फाशी झाली. शाळेत असताना आम्ही दरवर्षी त्याच्यावर निबंध लिहायचो. माशीमांच्या आजोबांवर कुणी निबंध लिहिला नाही. ते पुढे पोस्टात लागले, त्यांना पाच मुलं झाली आणि ते अंथरुणावर गेले.

दोघांचं वय तेच. घरातून निघताना दोघांच्या मनात होतं तेही, मी समजते, तेच. फरक कडेचा.

हे लक्षात आल्यावर मी एक विचित्र उद्योग केला. पिस्तुलाची गोळी घेऊ शकणारं रिव्हॉल्व्हर असतं का, हे शोधत बसले. असतं. आणि त्याची वंशावळ ऐकण्यासारखी आहे. पहिल्या काहींतलं एक जॉर्ज फॉस्बेरी या माणसाच्या डोक्यातून निघालं. तो बंगाल आर्मीतला अधिकारी, १८६३ च्या उंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. त्याचं वेब्ली-फॉस्बेरी या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आलं. त्याचा एक प्रकार आपोआप भरणाऱ्या पिस्तुलासाठी केलेली ३८ बोअरची काडतुसं घेई. आठ काडतुसं एका गोल पत्र्यात खोचायची आणि पत्र्यासकट चक्रात ठेवायची. डॅशिएल हॅमेटच्या ‘द माल्टीज फाल्कन’ या कादंबरीत हेच हत्यार आहे, ३८ बोअरचं, आठ गोळ्यांचं, बिनचूक. १९४१ च्या सिनेमात ते ४५ बोअरचं झालं आणि गोळ्या आठच राहिल्या. मोठ्या बोअरचं फॉस्बेरी सहाच गोळ्या घेतं. कादंबरीतून पडद्यावर येताना एक आकडा बदलला आणि दुसरा बदलायचा राहिला. आमच्या धंद्यात याला फार जागा आहे.

मग १९१७. अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा सैन्याचं पिस्तूल ४५ बोअरचं, आणि ती पिस्तुलं पुरेशी नव्हती. गोळ्या मात्र त्याच मापाच्या निघत होत्या. तेव्हा कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन कंपन्यांनी आपली रिव्हॉल्व्हरं त्या गोळीसाठी बदलली, दोन्हींची मिळून तीन लाखांच्या घरात. युक्ती काय, तर पोलादाचा चंद्रकोरीसारखा एक पातळ पत्रा. त्याच्या खोबणींत तीन काडतुसं अडकवायची. अशा दोन कोरी मिळून सहा गोळ्या, पौर्णिमा. काडतुसाला स्वतःची कड नाही ना, मग ही कड उसनी. त्याला नाव पडलं हाफ मून क्लिप. युद्धानंतर, १९२० च्या सुमारास, त्याच काडतुसाला जाड कड लावून वेगळं काडतूसही निघालं, म्हणजे पत्र्याचीही गरज नको. आणि १९९० च्या दशकात एक रिव्हॉल्व्हर आलं मेडुसा नावाचं, ते तर दोनेक डझन वेगवेगळ्या जातीची काडतुसं घेई, कड असलेली आणि नसलेलीही.

याचं आकर्षण मला कळलं, आणि ते कबूल करायला थोडी लाजही वाटली. रिव्हॉल्व्हर हे सोशिक यंत्र आहे. एक गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढा, चक्र फिरतं, पुढची समोर येते. स्प्रिंग दमलीय, पेटी वाकलीय, अशी कुरकुर कमी. त्यात पिस्तुलाची गोळी चालू लागली तर जे मुबलक आहे, स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, ते त्यात भरता येतं. पत्र्यात खोचलेल्या सहाच्या सहा गोळ्या एका झटक्यात आत जातात आणि झटक्यात बाहेर येतात. अडचणीही आहेत. तो पत्रा जरासा वाकला की चक्र घासतं, कधी अडून बसतं. पत्रा हरवला की काही नमुन्यांत गोळी बसते, उडतेही, पण रिकामं कवच काडीने ढोसून काढावं लागतं. आणि बसणं वेगळं, सोसणं वेगळं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कितीतरी जुनी वेब्ली रिव्हॉल्व्हरं चक्राची मागची बाजू घासून, पत्र्यासह ४५ ची पिस्तूल-गोळी घेतील अशी केली गेली. गोळी नीट बसे. पण तिचा दाब त्या जुन्या पोलादासाठी ठरवलेल्या दाबापेक्षा जास्त होता. दुकानातल्या गृहस्थांनी हे सांगताना हात हातावर आपटला, एवढंच.

पण ‘सोयीचं’ हा शब्द या वस्तूला लावताना मी अडखळते. सोय कुणाची? प्रत्येक सुधारणेने माणसाचा बेत आणि त्याचं फळ यांच्यातली एकेक फट बुजते. पावसाने दारू भिजायची, ती फट काडतुसाने बुजवली. एक गोळी चुकली की माणूस भानावर यायचा, ती चक्राने बुजवली. गोळी मापाची नसायची, ती या पत्र्याने बुजवली. मंडळाकडे १९१६ साली तो चंद्रकोरी पत्रा आणि त्याला साजेसं रिव्हॉल्व्हर असतं, तर माशीमा जन्मल्याच नसत्या बहुधा, आणि ती कंदीलवाली मुलगी दारातच पोरकी झाली असती. एखाद्या शाळेत आजोबांवर निबंध लिहिले गेले असते. हे सगळं न होण्याचं श्रेय एका पितळी कडेच्या अभावाला आहे. मग आजोबा चांगले होते असं आपण कशाच्या जोरावर म्हणायचं?

हा प्रश्न तत्त्वज्ञानात नवा नाही. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी एकाच चर्चेत त्यावर निबंध वाचले, आणि नैतिक नशीब हा शब्दप्रयोग तिथून रूढ झाला. नेगेलने दिलेलं एक उदाहरण तर आमच्याच गल्लीतलं वाटावं : खुनाच्या इराद्याने झाडलेली गोळी वाटेत उडत्या पक्ष्याला लागली, तर तो माणूस खुनी ठरत नाही. इरादा तोच, दोष मात्र पक्ष्याने वाटून घेतला. कान्ट म्हणेल इराद्याकडे पाहा, फळाकडे नको. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण न्यायालयं तसं करत नाहीत, आया तसं करत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आपण रात्री अंथरुणात पडून स्वतःच्या बाबतीतही तसं करत नाही. रस्त्यावर निष्काळजीपणाने गाडी चालवून सुखरूप घरी पोचलो ते सगळेच एखाद्या पोराच्या आईपुढे उभं राहण्यापासून किती इंच लांब होतो, हे आपण मोजत बसत नाही.

मराठी वाचकाला इथे गीता आठवेल. त्या मुलांच्या खिशातही ती असायची. कर्म आपलं, फळ आपलं नव्हे. पण हे उत्तर इथे नीट लावलं तर माशीमांना मुळीच आवडणार नाही. फळ हिशेबातून काढलं की उरतं कर्म, आणि आजोबांनी ते केलं होतं. रुमाल सोडला, रिव्हॉल्व्हर मोडलं, आठही काडतुसं एकामागून एक सोडून पाहिली. (आठही, असं वहीत आहे. पहिलं घसरल्यावर ते थांबले नाहीत.) गीतेच्या तराजूत ते आणि कान्हेरे सारखेच भरतात. मग तुम्ही कान्हेरेला वंदन करत असाल तर यांनाही करा, आणि यांना क्षमा करत असाल तर त्यालाही करा. मला दोन्ही जमत नाही. नाशिकची असूनही नाही. हे लिहिणं सोपं नाही, पण जॅक्सन नाटकाला आला होता आणि तो दारोगा घरी जेवत असेल, हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आणि त्या मुलांच्या समोर जे साम्राज्य उभं होतं त्याच्या गोळ्या नेहमी मापाच्या असत, हेही हलत नाही.

पौषात मी खर्डा घेऊन खाली गेले तेव्हा माशीमांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. वही त्यांनी स्वतः कितीदा तरी वाचलेली. ‘‘ती टोट्याची ओळ तेवढी गाळ. मुलांना काय करायचंय त्यातलं? कंदील राहू दे.’’

मी म्हटलं, ‘‘माशीमा, मग गोष्ट वेगळी होते.’’

‘‘गोष्ट आम्ही सांगतो तीच आहे. हात उठला नाही ना शेवटी?’’

मी वर आले आणि आठवडाभर वही उघडली नाही. त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नव्हतं. त्या आजी होत्या, वाचणारी मुलं त्यांची होती, मी बाहेरची. छापलेल्या पुस्तकातली ओळ गाळायला कुणी सांगितलं असतं तर मी करार काढून दाखवला असता. इथे करार नव्हता, आणि मोबदला म्हणून पाटिसापटा आणि नोलेन गुळाचे संदेश मी आधीच खाल्ले होते. शिवाय कुणी सांगावं, कंदील पाहून खरोखरच त्यांचं मन फिरलं असेल. भरलेलं रिव्हॉल्व्हर हातात असतं तरी ते मागे फिरले असते, अशीही शक्यता आहे. ती तपासून पाहण्याची संधी मात्र त्या आठ काडतुसांनी हिरावून घेतली. ते स्वतःसुद्धा कधी जाणू शकले नसतील.

मला वाट सापडली ती त्या वाक्याच्या तारखेकडे पाहताना. म्हणजे ते घडलं त्या तारखेकडे नव्हे, लिहिलं त्या. १९१६ ची ती रात्र नशिबाची होती. काय हाती यावं, दार कुणी उघडावं, यातलं काहीच त्या मुलाच्या हातात नव्हतं. पण चाळीस वर्षांनी, पोस्टातून निवृत्त झालेला एक म्हातारा टेबलाशी बसला, तेव्हा त्याच्यावर कुणाचाच जोर नव्हता. घरात कंदिलाची गोष्ट तोवर पक्की झालेली होती, बहुधा त्याच्याच तोंडून. ती तशीच लिहिली असती तर एक माणूस जिवंत नव्हता खोटं म्हणायला. त्याने तीन शब्द घातले, आणि कंदिलाच्या आधी घातले. त्या सबंध प्रकरणात पूर्णपणे त्याचं स्वतःचं असं काही असेल तर ते हे तीन शब्द. ते मी गाळले तर नातवंडांच्या हाती पडेल ती फक्त नशिबाची कमाई, आणि तीही त्याच्या चांगुलपणाच्या नावावर खोटी जमा केलेली.

हे मी माशीमांना असं सांगितलं नाही. मी ओळ ठेवली. ‘काडतुसं बसली नाहीत.’ आणि म्हटलं, तुम्हाला एकदा पूर्ण वाचून दाखवते, मग तुम्ही सांगाल ते. मराठी त्यांना येत नाही, तरी सूर ऐकायची त्यांची इच्छा होती. चैत्रातली दुपार होती, पंखा फिरत होता, त्या डोळे मिटून ऐकत होत्या. तळं आलं, बहिणीचं लग्न आलं. मधूनच एखादा शब्द ओळखीचा लागला की त्या हसायच्या. मग ती ओळ आली, आणि मी आवाज जराही न बदलता वाचली.

त्यांनी डोळे उघडले. ‘‘बोशलो ना,’’ त्या म्हणाल्या.

दोन भाषांत इतकं सारखं असलेलं क्रियापद त्या जागी येईल, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

‘‘हो,’’ मी म्हटलं.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

‘‘आणि कंदील? तो याच्या नंतर येतो?’’

‘‘नंतर. वहीत आहे तसाच.’’

त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. ‘‘वाच,’’ म्हणाल्या.